तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांच्या हातात किडे कशाला?

शाळा सुटताना फाटकात कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, एवढ्याशा पोरांच्या हातात किडे कशाला देता? चावलं-बिवलं तर?" त्या घाईत नीट उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

हात सगळ्यात शेवटी. आधी नुसतं बघायचं. आमच्या बालवाडीच्या अंगणात कढीपत्त्याचं झाड आहे, जसं नाशिकमध्ये कितीतरी अंगणांत असतं. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर लिंबू-फुलपाखराच्या अळ्या असतात. लहान असताना ही अळी तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. मुलं दरवर्षी म्हणतात, "ताई, पानावर चिमणी शिटली!" मी काही बोलत नाही. थोड्या वेळाने ती शिट चालायला लागते. त्या वेळचे त्यांचे चेहरे तुम्ही एकदा येऊन बघाच.

मग ती फांदी रुंद तोंडाच्या बरणीत ठेवतो, वर मलमलचं फडकं बांधतो. रोज एका मुलाची पाळी: ताजी पानं घालायची, लेंड्या काढून टाकायच्या. शेवटची कात टाकली की अळी हिरवीगार होते. मऊ ब्रशने हलकेच डिवचलं, तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे एकदाच करायचं, कारण ती घाबरून तसं करते. हे सांगितल्यावर चार वर्षांची मुलंही ब्रश खाली ठेवतात.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण ३-४ आठवडे लागतात. इतके दिवस रोज वाट बघायची सवय मुलांना दुसऱ्या कशातून लागेल, मला तरी माहीत नाही.

एकदा कोषातून फुलपाखरू आलंच नाही. कोष काळपट पडला, त्याला बारीक भोक पडलं आणि आतून मुंगीपेक्षाही लहान परजीवी गांधीलमाश्या बाहेर आल्या. ज्या मुलीची त्या दिवशी पाळी होती, ती खूप रडली. फुलपाखरू उडून गेलं, असं सांगणं सोपं होतं. मी खरं सांगितलं: या माश्या कोषात अंडी घालतात, त्यांची पिल्लं आतला जीव खाऊन वाढतात. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "म्हणजे त्यांचीपण आई होती?"

चावण्याचं म्हणाल, तर आमचे नियम पक्के आहेत. केस असलेल्या सुरवंटाला बोट लावायचं नाही. शेवग्यावरच्या सुरवंटांनी कशी आग होते, ते घरी आजीला विचारा. गांधीलमाशीच्या पोळ्याजवळ जायचं नाही. अनोळखी किडा फक्त भिंगातून बघायचा. आणि शेवटी हात साबणाने धुवायचे.

पहिल्या पावसानंतर पांडवलेण्याच्या पायथ्याशी मखमली लाल मृगाचा किडा दिसला, तेव्हा मुलांनी पाय मोजले. आठ! मग हा कीटक नाहीच, कीटकाला सहाच पाय असतात. हा कोळ्याच्या नात्यातला. हे मी शिकवलं नाही, त्यांनी मोजून मला सांगितलं.

किळस मात्र मुलं घरून घेऊन येतात. आपण "ई, शी!" म्हणून चप्पल उचलतो, ते त्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली, तर लगेच औषध फवारू नका. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉर्मनची अळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते, आणि कढीपत्ताही त्याच कुळातला. फोडणीसाठी पानं तोडताना मुलाला सोबत घ्या आणि कोवळी पानं उलटसुलट करून बघा. मोहरीहून लहान, पिवळसर गोल ठिपका दिसला, तर ती काडी तेवढी सोमवारी त्याच्यासोबत पाठवा. बरणी तयार आहे.