चार आण्याचं नाक

रविवारी जेवणं झाली, बायको जरा आडवी झाली आणि मी कपाटावरचं रिमोटचं विमान खाली काढलं. थर्माकोलचं, पंखाला दोन ठिकाणी टेप. पंखांखाली दोन बोटं लावून उचललं, तर शेपटीनं जी बसकण मारली ती उठेना. नाकातली नवी बॅटरी जुनीपेक्षा हलकी निघाली होती.

तोलाची जागा ठरलेली असते. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागं, रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात कुठंतरी. तिथं बोटं लावली की विमान आडवं राहायला हवं, फार तर नाक किंचित खाली. नाक जड असलं तर विमान रडतखडत का होईना उडतं. शेपूट जड असलं तर एकदाच उडतं. म्हणून मी नाकात चार आणे घालतो. २०११ साली ते चलनातून गेले, पण पावणेतीन-तीन ग्रॅमचं ते स्टीलचं नाणं माझ्याकडं अजून चालतं. आईच्या डब्यात ढीगभर आहेत.

दुसरं नाणं चिकटवताना दादा आठवला. संक्रांतीच्या आधी, गच्चीवर, खाली यंत्रमागांचा खडखडाट. सुत्तर बांधून तो पतंग असाच बोटावर लटकवायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि हलक्या बाजूला कागदाची गुंडाळी बांधायचा. मी पतंग धरून पार टाकीपर्यंत जायचं, 'सोड बे' म्हटलं की सोडायचं. दोरा मला कधी मिळाला नाही. पतंगानं गोते खाल्ले की मात्र, 'वाकडा सोडलास का बे?' आता विमान फेकायला मी लेकीला उभी करतो आणि तेच विचारतो. फक्त 'बे' गाळतो.

आधी रिमोट चालू करायचा, मग विमानात बॅटरी जोडायची. बंद करताना उलट. तीन सेलची बॅटरी पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट दाखवते. मग एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या. रिमोटची दांडी उजवीकडं ढकलली की उजव्या पंखाची पट्टी वर जायला हवी, डाव्याची खाली. दिवाळीत हे न बघता उडवलं. पट्ट्या मीच उलट्या जोडल्या होत्या, विमान थेट तुरीत. तेव्हापासून कुलूप पुन्हापुन्हा ओढून बघणाऱ्या माणसासारखा मी दांडी हलवत बसतो.

"अहो, उडवणार आहात का नुसती कवायत घेणार?" आतून आवाज आला. म्हणजे झोप लागली नव्हती.

खरं सांगायचं तर मला ही कवायतच आवडते. दोन तास तयारी, सात मिनिटं उड्डाण, आणि त्या सात मिनिटांत छातीत नुसती धडधड.

होटगी रोडकडं जायची सोय नाही, तिकडं सोलापूरचा विमानतळ. तिथं खऱ्या विमानांसाठी २०२३ च्या जूनमध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली, २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. जिथं एवढी चिमणी टिकली नाही तिथं माझं थर्माकोल काय! आम्ही आपले बार्शी रस्त्याला, ज्वारी निघालेल्या रानात.

पोचलो तर वारा असा, की शेंगाचटणीचा डबा उघडला आणि झाकण धसकटांतून पळत सुटलं. लेक त्याच्या मागं. विमान गाडीतून काढलंच नाही. बोनेटला टेकून चटणी-भाकरी खाल्ली.

"पप्पा, पतंग आणायला पाहिजे होता," ती म्हणाली.

दोरा कोण धरणार, हे मी विचारलं नाही.