रत्नागिरीत एक रात्र, गणपतीपुळे वगळून

कोल्हापूरकरांच्या लेखी रत्नागिरी म्हणजे गणपतीपुळ्याच्या वाटेवरचा एक फाटा. हातखंब्याला आलं की गाडी उजवीकडे निवळीच्या दिशेला वळते आणि शहर डाव्या हाताला राहून जातं. मार्चच्या सुरुवातीला आम्ही ठरवून वळलो नाही. शनिवारी सकाळी निघायचं, रात्र शहरातच काढायची, रविवारी रात्री घरी. सोबत नवरा आणि आत्या. आत्यांना पुळ्याचं दर्शन चुकल्याची रुखरुख होती, पण गणपती कुठे पळून जाणार नाही हे त्यांनीच स्वतःला समजावलं.

अंतर साधारण 130 किलोमीटर. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली करत एसटीला चार तास धरून चाला. आत्यांनी पंचाहत्तरी ओलांडलेली, त्यामुळे त्या फुकट, मी अर्ध्या तिकिटात. पूर्ण तिकीट काढणारा माणूस घरात एकच उरलाय. ज्येष्ठांचं आधार कार्ड हाताशी ठेवा, कंडक्टर बघतो. स्वतःची गाडी असेल तर आम्ही गेलो तेव्हा चौपदरीकरणाचं काम चालू होतं हे लक्षात ठेवा, धूळ आणि वळसे दोन्ही वाट्याला येतात. पावसाळ्यात आंबा घाट अंधारात उतरायच्या फंदात पडू नका, धुक्यात समोरची गाडीसुद्धा दिसत नाही.

मुंबईकरांनी सरळ रेल्वे धरावी. दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी सकाळी रत्नागिरीला सोडते, म्हणजे आख्खा दिवस हाती. फक्त आरक्षण 60 दिवस आधी सुटतं आणि शनिवार-रविवारची तिकिटं बघता बघता संपतात. रेल्वे स्टेशन शहरापासून लांब आहे. रिक्षात बसण्याआधी भाडं बोलून घ्या.

राहायला मारुती मंदिर आणि साळवी स्टॉपच्या बाजूला भरपूर हॉटेलं आहेत, पण तिथून समुद्र दिसत नाही, आणि एकाच रात्रीसाठी आलेल्या माणसाने समुद्रापासून लांब झोपण्यात अर्थ नाही. मांडवी किंवा भाट्याकडे खोली बघा. म्हातारं माणूस बरोबर असेल तर लिफ्ट आहे का, हे फोनवरच विचारा. आम्हाला खालची खोली मिळाली म्हणून आत्यांचे गुडघे वाचले.

दुपारी थिबा पॅलेस. इंग्रजांनी 1885 साली ब्रह्मदेश घेतला, तिथल्या शेवटच्या राजाला, थिबाला, गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी आणून ठेवलं ते इथे. रत्नागिरीच का? तर तेव्हा इथे यायचं तर बोटीने. घाटातून येणं म्हणजे दिव्यच. कोकण रेल्वे पूर्ण धावायला 1998 उजाडलं, यावरून तेव्हाची कल्पना करा. हा राजवाडा बांधून झाला 1910 च्या सुमारास, म्हणजे थिबा तोवर दुसरीकडेच राहत होता. डिसेंबर 1916 मध्ये तो इथेच वारला. लाल रंगाची, उतरत्या छपरांची ही इमारत बाहेरून देखणी आहे. आतलं संग्रहालय मात्र रेंगाळत बघण्यासारखं मला वाटलं नाही. अर्धा-पाऊण तास पुरतो. सोमवारी ते बंद असतं, म्हणून रविवार-सोमवार असा बेत करू नका. थिबाची समाधी शिवाजीनगर भागात आहे. तिथे गर्दी नसते, रिक्षावाल्याला नीट सांगावं लागतं.

तिथून टिळक आळीत गेलो. टिळकांचा जन्म 1856 चा, याच घरातला. कौलारू घर, ओटी, बाजूला झाडं. इथे उभं राहिल्यावर जी गोष्ट डोक्यात आली ती अजून जात नाही: 1908 ते 1914 टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, आणि नेमक्या त्याच वर्षांत मंडालेचा राजा टिळकांच्या गावात कैदेत होता. इंग्रजांनी माणसांची अदलाबदल केल्यासारखं. मी हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "पुढे सावरकरांनाही इथंच ठेवलं की." खरंच, अंदमाननंतर 1924 पासून 1937 पर्यंत त्यांना जिल्ह्याबाहेर जायची बंदी होती, आणि सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर 1931 मध्ये उभं राहिलं ते याच काळात. भागोजीशेठ कीर यांनी ते बांधून दिलं. टिळक आळीपासून ते लांब नाही. म्हणून माझं मत असं की दोन संग्रहालयं कमी बघा, पण राजवाडा, टिळकांचं घर आणि हे मंदिर एकाच दुपारी बघा. सुटं सुटं बघितलं तर यातली मजा निघून जाते.

सूर्यास्ताला थिबा पॉइंट. खाली भाट्याची खाडी, पूल, पलीकडे सुरूचं बन. जरा आधी पोचलात तर कठड्याजवळ जागा मिळते.

जेवणाचं आमच्याकडे त्रांगडं होतं, कारण आत्या शनिवार पाळतात. पण मार्चमध्ये कोकणात शाकाहारी माणसाचं काही अडत नाही. ओल्या काजूगरांची उसळ, सोलकढी, तांदळाची भाकरी, आणि आमच्या ताटातल्या सुरमईकडे बघत "तुमचं चालू द्या" म्हणणाऱ्या आत्या. थाळीत कुठला मासा आणि किती तुकडे, हे ऑर्डर देण्याआधी विचारा, भाव रोज बदलतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या माशांच्या आशेने जाऊ नका. तांबड्या रश्शावर वाढलेल्या जिभेला इथलं कालवण सौम्य लागेल. तक्रार करू नका, मासा त्यामुळेच कळतो.

रविवारी उजाडताच रत्नदुर्ग. घोड्याच्या नालेसारखा आकार, तीन बाजूंनी समुद्र, बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ. रिक्षा बरीच वरपर्यंत जाते, पुढच्या पायऱ्या आत्यांनी बसत-उठत चढल्या. नऊनंतर ऊन भाजतं, म्हणून लवकर जा. वरून मिरकरवाडा बंदरातल्या होड्या दिसतात, एका अंगाला मांडवीची काळी वाळू आणि दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. एकाच गावात दोन रंगांची वाळू! बंदरात मासळी उतरताना बघायची तर जुनी चप्पल घाला, आणि काम करणाऱ्यांच्या मध्ये मोबाइल धरून उभे राहू नका.

हाताशी वाहन असेल आणि तीन तास उरले असतील तर आरे-वारे करून या. दोन किनारे, मध्ये डोंगराच्या कडेने जाणारा रस्ता. वळणावरून दिसणारा समुद्रच खरा. पाण्यात उतरू नका, खोली एकदम वाढते आणि ओढ जबर आहे. पुढे गणपतीपुळे मोहात पाडेल, पण रविवारच्या दर्शनाच्या रांगेत उरलेला दिवस जाईल.

हापूस खायचा तर एप्रिलच्या मध्यानंतर या. मार्चमधल्या पेटीचा भाव ऐकून आम्ही हात मागे घेतला आणि रामआळीतून कोकम, कुळथाचं पीठ आणि फणसपोळी घेतली.

रविवारी दुपारनंतर कोल्हापूरच्या गाड्या भरून जातात. शनिवारी उतरल्या उतरल्या परतीचं आरक्षण करून टाका, आणि घाटात मळमळणारं कोणी असेल तर सीट पुढच्या बाजूची मागा. मागच्या सीटवर आमच्या नवऱ्याचे हाल झाले, आत्या मात्र साखरप्यापासून मलकापूरपर्यंत मस्त झोपल्या होत्या.