मांजरीचा पूल

संकेश्वर, चिकोडी कधी मागं पडलं ते सांगता येणार नाही. काकडा, चाल, विसावा, हरिपाठ, पुन्हा काकडा. लक्षात आहे ते एवढंच, की माझ्या मागच्या मावशींचा टाळ बेळगावपासून अर्धी मात्रा उशिरा पडत होता आणि मी दात-ओठ खात चालले होते. नाम घेता घेता असा राग यायचा आणि त्याची लाजही वाटायची. टाळ आपला तसाच.

अंकलीच्या अलीकडं डाव्या टाचेचा फोड असा टरारला की एका घराच्या कट्ट्यावर मी बसलेच. आतून म्हातारी आली. "कुंद्रव्वा," म्हणाली, बस गं, आणि माझा पाय सरळ मांडीवर घेतला. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुईत दोरा ओवायला तिनं माझ्याकडं दिला, मला दिसेना. मी परत तिला दिला, तिलाही दिसेना. पाटीवर भाषा कुठली यावरून आमच्याकडं रान पेटतं, इथं दोघींना चष्मा हवा होता. शेवटी नातवानं ओवला. तिनं सुईचं टोक दिव्यावर धरलं, फोडातून आरपार काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्हीकडं टोकं सोडली. पाणी ठिपकत राहिलं. वर हळद-तेल. पुलाखाली पाणी किती चढलंय, मी विचारलं. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. "हेदरब्याडव्वा." भिऊ नको.

ही भीती ऑगस्ट 2019 ची. माहेर कृष्णाकाठचं. घरात छातीभर पाणी, आईला होडीत चढवताना माझ्या हातातून तिचा हात सुटला, क्षणभरच. आई आज ठणठणीत आहे. पण पूल दिसला की माझी मूठ आपोआप वळते.

मांजरी गावापाशी, कृष्णेच्या पुलावर दिंडी एका कडेनं, अंगाला लागून ट्रक, खाली आषाढातलं तांबूस पाणी. मी मानसपूजा मांडली. आजी म्हणायची, घाई करू नये, देवालाही गार पाणी बोचतं. म्हणून आधी पाणी कोमट केलं. विठोबाला न्हाऊ घातलं, अंग पुसलं, पितांबर घेतला, बोटांनी एकेक निरी चापू लागले. ट्रक गेला, पूल हादरला, निऱ्या सुटल्या. पुन्हा आंघोळीपासून. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मागचा टाळ कानात शिरला, तोच उशिराचा, आणि त्याच्यावर एकेक निरी बसत गेली. खाली पाणी घोंगावत होतंच. मला काठ सरळ येतोय की नाही याची काळजी.

पाठीत टाळ टोचला. "थांबलीस काय गे? चल की."

पूल संपला होता. मी रस्त्यात उभी, दोन बोटांत हवा चिमटून.

मिरज झालं, सांगोला झालं. पंढरपुरात पायांवर डोकं टेकलं न टेकलं तोच "चला, चला" झालं.

परतीला बसनं आलो. मांजरी आली तसा पोटात गोळा उठला. तुळशीहार घालायचा राहिलाच होता, तो काढला.