लेबलावर नुसतं ‘कोल्हापूर’ लिहू नका

गगनबावडा, राधानगरी, आंबा घाट, पावसात तिकडं फिरून आलेल्या कुणाचाही मोबाईल बघा, नेच्याचे (फर्नचे) फोटो भरपूर असतात पण जवळजवळ सगळे वरून काढलेले. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बीजाणूंचे ठिपके किंवा कडेच्या रेघा असतात त्या पानाच्या पाठीला, मग पान उलटं केल्याशिवाय ओळखणार कसं? हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातल्या, शीटवर म्हणूनच निदान एक पान पाठ वर करून लावतात, आणि झाड जमिनीतल्या खोडासकट घेतात, कारण देठाच्या बुडाशी जे बारीक खवले असतात ते फार कामाचे असतात.

घाटातल्या दरडींवर एक छोटा नेचा येतो बघा, पानाची पाठ पांढऱ्या पावडरीनं भरलेली, पोरं हातावर दाबून त्याचा छाप उठवतात. जुन्या शीटांवर असल्या पावडरवाल्यांना सरसकट चायलँथिस फॅरिनोसा म्हटलेलं असायचं. नंतर अभ्यासकांनी ते ॲल्युरिटॉप्टेरिस या दुसऱ्या गटात (जीनसमध्ये) नेऊन त्यांच्या वेगवेगळ्या जाती केल्या, आणि त्या ओळखताना देठावरचे खवले एकरंगी की दुरंगी हे बघायला लागतं. बुडाचा भाग तोडून टाकलेला असेल तर शंभर वर्षं जपलेली शीट पण तिथं अडते. नाव बदललं तरी जुनं खोडत नाहीत हे मला फार आवडतं, नवीन चिठ्ठी शेजारी चिकटवतात, त्यावर ठरवणाऱ्याचं नाव आणि वर्ष, म्हणजे कुणाला काय वाटलं होतं ते सगळं तिथंच वाचायला मिळतं.

पण माझं खरं म्हणणं लेबलाबद्दल आहे. गोळा करणाऱ्याचं नाव, त्याचा नंबर, तारीख, ठिकाण, उंची, आजूबाजूला काय होतं, एवढं असलं तर ती नोंद, नाहीतर नुसतं वाळलेलं पान. जुन्या लेबलावर नुसतं ‘कोल्हापूर’ असेल तर शहर समजायचं की संस्थान? 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याआधी आज बेळगाव जिल्ह्यात असलेलं रायबागसुद्धा कोल्हापुरातच होतं. कुठं रायबागचं कोरडं माळरान आणि कुठं दाजीपूरचं जंगल!

नेच्याच्या बाबतीत तर हे जास्तच लागतं. बीजाणू वाऱ्यानं कुठंही जातात पण झाड धरतं ते ओल आणि सावली जमली तरच, ओढ्याच्या एका काठाला असतं आणि पलीकडं नसतं. त्यामुळं ‘गगनबावडा’ लिहून भागत नाही, कुठल्या वाडीच्या वरचा ओढा, खडकावर की मातीत की झाडाच्या फांदीवर, ऊन येतं का, हे त्याच दिवशी तिथंच लिहायला पाहिजे, घरी आल्यावर आठवत नाही.

शिवाजी विद्यापीठाचं हर्बेरियम आपल्या कोल्हापुरातच आहे, हर्बेरियमांच्या यादीतला त्याचा कोड एसयूके. वनस्पतीशास्त्राच्या पोरांनी रीतसर विचारून नेच्यांच्या फोल्डरी एकदा उघडून बघाव्यात, काळजी घेऊन बरं का, जुन्या शीटांना किडीसाठी मर्क्युरिक क्लोराईड लावायची पद्धत होती, ते विषारी असतं.

आणि राधानगरी अभयारण्यात परवानगीशिवाय एक पानसुद्धा तोडायचं नाही. तिथं पानाची पाठ, देठाचं बूड आणि आजूबाजूची जागा असे फोटो घ्या, लोकेशन चालू ठेवा, आणि पान होतं तसं सोडून द्या.