बॉस्टनजवळच्या जुन्या सराईत एक निवांत दिवस

बॉस्टनहून पश्चिमेला वीसेक मैलांवर सडबरी आहे. हायवेने गेलं तर लगेच पोचता येतं, पण आम्ही रूट २० धरला. हा जुना बॉस्टन पोस्ट रोड. टपालाच्या आणि उतारूंच्या घोडागाड्या एकेकाळी याच वाटेने न्यूयॉर्ककडे जायच्या. ऑक्टोबरचा मध्य होता, मेपल ऐन रंगात आले होते. गाडी मैत्रिणीच्या हातात होती, त्यामुळे मला खिडकीबाहेर बघण्याशिवाय काही काम नव्हतं. घरून निघतानाच ठरवलं होतं की आज एकच ठिकाण बघायचं आणि पोटभर बघायचं. ते ठिकाण म्हणजे वेसाइड इन.

रूट २० सोडून आतल्या रस्त्याला वळलं की वाहनांचा आवाज मागे पडतो. त्याचं श्रेय हेन्री फोर्डला. १९२३ साली त्याने ही सराई आणि भोवतालची बरीच जमीन विकत घेतली. तोवर मुख्य रस्ता थेट दारावरून जात होता. गाड्यांच्या धक्क्यांनी जुनी वास्तू खिळखिळी होऊ नये म्हणून फोर्डने स्वतःच्या खर्चाने तो रस्ता बाजूला वळवला. ज्याने घरोघरी मोटार पोचवली, त्याच माणसाला या घराभोवती शांतता हवीशी वाटली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सराई त्याहून कितीतरी जुनी आहे. १७१६ मध्ये डेव्हिड हाऊ याने आपल्या राहत्या घरातच वाटसरूंची सोय करायला सुरुवात केली आणि पुढे १८६१ पर्यंत बापाकडून मुलाकडे असं हे काम हाऊ घराण्यातच राहिलं. डेव्हिडचा मुलगा एझेकिएल अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्याच दिवशी, १९ एप्रिल १७७५ रोजी, सडबरीची माणसं घेऊन इंग्रज फौजेशी लढायला काँकॉर्डला गेला होता. दिवाणखान्यात उभं राहून हे आठवलं की इतिहासाच्या पुस्तकातली तारीख एकदम घरातली वाटू लागते. एका माणसाने सकाळी पाहुण्यांचं आवरणं सोडलं आणि लढायला गेला!

आत छत ठेंगणं. तुळया हाताला लागतील इतक्या खाली. जमिनीच्या रुंद फळ्या पावलागणिक करकरतात. मैत्रीण म्हणाली, "अगं, हे म्युझियम आहे की हॉटेल?" खरं तर दोन्ही. कॉरिडॉरमधून जुन्या खोल्या बघत हिंडावं आणि पलीकडच्या खोलीत लोक जेवत असावेत, असं इथे सहज चालतं. मला या जागेबद्दल सगळ्यात जास्त हेच आवडलं. दोरी बांधून लांबून दाखवलेला भूतकाळ मी पुष्कळ बघितलाय. इथे आलेल्या माणसाला बसवून वाढायचं, हे मूळ काम अजून चालू आहे.

सराईला आजचं नाव मिळालं ते लाँगफेलो या कवीमुळे. १८६१ मध्ये त्याच्या पत्नीचा घरातच कपडे पेटून मृत्यू झाला. तिला वाचवताना तोही भाजला. त्या दुःखातून जेमतेम सावरत असताना, १८६२ च्या शरदात तो इथे आला आणि पुढच्याच वर्षी त्याचं 'टेल्स ऑफ अ वेसाइड इन' प्रसिद्ध झालं. शेकोटीभोवती जमलेली मंडळी पाळीपाळीने गोष्टी सांगतात, अशी त्याची मांडणी. त्यातला व्हायोलिनवादक बेतलाय ओले बुल या खऱ्याखुऱ्या नॉर्वेजियन कलावंतावर. इंग्रज फौज येत असल्याची खबर द्यायला निघालेल्या पॉल रिव्हिअरच्या रात्रीच्या घोडदौडीची कविता अमेरिकेतल्या शाळकरी पोरांना माहीत असते, तीही इथे सराईच्या मालकाच्या तोंडी आहे. काव्य आधी, पाटी नंतर. तेव्हा 'रेड हॉर्स' म्हणून ओळखली जाणारी ही जागा पुढच्या मालकाने कवितेवरूनच वेसाइड इन केली.

जेवणात मी चिकन पॉट पाय, म्हणजे पिठाच्या कवचाखाली भाजलेलं रस्सेदार चिकन, घेतलं. मैत्रिणीने भाज्यांचं सूप आणि ब्रेड घेतला, आणि ब्रेड पुन्हा मागवला. त्याचं कारण जेवण झाल्यावर चालत गेलो तेव्हा कळलं.

सराईपासून थोड्याच अंतरावर दगडी गिरणी आहे. फोर्डने ती १९२९ मध्ये बांधली, म्हणजे दिसते तितकी जुनी ती नाही. पण ती खरोखर दळते, आणि मला तेवढं पुरे. वरच्या पाटातून पाणी येऊन मोठ्या चाकाच्या कप्प्यांत पडतं. कप्पे भरून जड झाले की त्या वजनानेच चाक फिरतं. आत दातेरी चाकांमार्फत ती गती दगडांपर्यंत येते. रचना आपल्या जात्याचीच, खालचा दगड स्थिर आणि वरचा फिरता. दगडांच्या खाचा बुजल्या की इथेही टाकी लावावी लागते. दळण चालू असताना भिंतीला हात लावला तर तळव्याला बारीक थरथर जाणवते. पीठ कोमट होतं. जेवणातला ब्रेड याच पिठाचा होता. मैत्रीण चिमूटभर पीठ बोटांवर चोळत बराच वेळ उभी होती, आणि मग आम्ही दोघींनी एकेक पिशवी घेतली.

पलीकडे पांढरं मार्था-मेरी चॅपल आहे. १९३८ च्या वादळात पडलेल्या झाडांच्या लाकडातून फोर्डने ते उभारलं. लाल रंगाची छोटी शाळा त्याने स्टर्लिंग गावातून उचलून इथे आणली. सुबक आहेत दोन्ही, पण सजवून मांडल्यासारखी. मी तिथे फार रमले नाही.

१९५५ च्या डिसेंबरात सराईला मोठी आग लागली आणि बरंच काही गेलं. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने दुरुस्ती होऊन १९५८ मध्ये दारं पुन्हा उघडली. म्हणजे आपण बघतो त्यातल्या कितीतरी फळ्या जुन्या नाहीत. त्याने मला काही फरक पडला नाही. पुन्हा बांधताना लोकांनी नुसतं स्मारक न करता सराईच केली, याचं मोल मला जास्त वाटतं.

वरच्या मजल्यावर राहण्याच्या मोजक्या खोल्या आहेत. तिथे उतरणारे लोक मेजांच्या खणांत आणि तुळयांच्या फटींत पुढच्या पाहुण्यांसाठी चिठ्ठ्या लपवून जातात. दिवसाच्या पाहुण्यांना त्या वाचायला मिळत नाहीत. निघताना मैत्रीण तडक काउंटरवर गेली आणि हिवाळ्यातल्या मधल्या वारी खोली मिळेल का, ते विचारून आली. मिळेल म्हणाले. चिठ्ठी मराठीत लिहायची, हे परतताना गाडीत बसायच्या आधीच ठरलं.