रंकाळ्यावरचे शर्मन बंधू

कोल्हापुरात तटस्थ राहायची सोय नाही. फुटबॉलमध्ये पाटाकडील की दिलबहार, मिसळ कुणाची, पांढरा रस्सा कुठला, असं विचारलं की उभ्या उभ्या नाव घ्यायचं. "दोन्ही चांगलेच की" म्हणणारा माणूस बाहेरगावचा पाहुणा ठरतो. मग ॲनिमेशनपटांना आणि थीम पार्कना संगीत देणाऱ्यांत आपला माणूस कोण, असा विषय निघाल्यावर मी तरी "सगळेच थोर" म्हणून कसा सुटणार? त्यातून हे बाबूजींचं जन्मगाव. इथं चहाच्या टपरीवर संगीतकारांची प्रतवारी लावणं ही जुनी खोड आहे. सुधीर फडक्यांच्या खाली कुणाला बसवायचं यावर कप थंड होतात, पण कार्टूनवाला माणूस त्या यादीत कधी येत नाही. कार्टूनचं संगीत कुणीतरी बसून केलेलं असतं, हेच पुष्कळांच्या गावी नसतं. आम्ही नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनपुढं बसून शीर्षकगीतं पाठ केली, पण चाल कुणाची हे विचारावंसं वाटलं नाही.

माझी एक अट आहे. उमेदवारानं पडदा आणि पार्क दोन्हीकडं काम केलेलं पाहिजे, कारण ही दोन कामं वरून सारखी दिसली तरी आतून उलटी आहेत. सिनेमात प्रेक्षक खुर्चीत बसलेला असतो. चाळिसाव्या मिनिटाला त्याला काय दिसतंय, हे संगीतकाराला आधीच ठाऊक. पार्कात प्रेक्षक चालतो, रांगेत उभा राहतो, होडीत बसून पुढं सरकतो. तो कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही. सुरांनी त्याला मधूनच आत घेतलं पाहिजे आणि मधूनच सोडलंही पाहिजे, तेही त्याचं काही राहून गेलं असं न वाटता.

डिस्नेलँड मी पाहिलेलं नाही. तिथल्या राइडचं संगीत इअरफोनवर लावून रंकाळ्याला फेरी मारतो, एवढीच माझी पात्रता. पण ती अगदीच टाकाऊ नसावी. घरी सोफ्यावर बसून हे संगीत ऐकलं की पाचव्या मिनिटाला कंटाळा येतो. तेच कानात लावून पदपथावर चालायला लागलं की जमतं. कणीसवाला येतो, जातो, शालिनी पॅलेसचा मनोरा झाडांतून डोकावतो, आणि सूर मागं लागत नाहीत की पुढंही पळत नाहीत. हे चालत्या माणसासाठी केलेलं काम आहे, ते चालत्या माणसानंच तपासावं.

आमच्या मुलीचा माणूस ॲलन मेंकन. तिची बाजू भक्कम आहे. १९८९ च्या जलपरीपासून १९९५ च्या पोकाहोंटसपर्यंत चार चित्रपटांना प्रत्येकी दोन, अशी आठ ऑस्कर त्याच्या नावावर आहेत. पहिल्या दोन चित्रपटांची गाणी लिहिणारा त्याचा जोडीदार हॉवर्ड ॲशमन मार्च १९९१ मध्ये गेला. दुसरा चित्रपट तेव्हा पुरा व्हायचा होता. तरी मेंकनचं काम थांबलं नाही. पार्कची अट घातली तर तीही तो पुरी करतो: टोकियो डिस्नेसीमधल्या सिंदबादच्या होडीसफरीसाठी २००७ मध्ये त्यानं गाणं दिलं. "मी सांगतो बाबा, दुसरा कुणी नाहीच," मुलगी म्हणते. मला मेंकन आवडतो. पण त्याचं प्रत्येक गाणं रंगमंचावर मधोमध उभं राहून हात पसरतं. चालता चालता ऐकायला गेलो की थांबून टाळ्या वाजवाव्यात असं वाटतं, आणि रंकाळ्यावर ते बरं दिसत नाही.

मित्राचं मत मायकेल जियाकिनोला. 'अप' या २००९ च्या चित्रपटात एका जोडप्याचा सगळा संसार त्यानं एका वॉल्ट्झवर, म्हणजे तीनच्या ठेक्यातल्या नाचाच्या चालीवर, चार-पाच मिनिटांत उभा केला, एक शब्द न बोलवता. चाल तीच. लग्नात ती नाचते आणि म्हातारपणी पियानोवर सुटी सुटी होऊन येते. २००५ पासून डिस्नेलँडच्या स्पेस माउंटनवर, अंधारात सुसाट सुटलेल्या गाडीतल्या स्पीकरवरही याच माणसाचं संगीत, वळणावळणाला जुळवलेलं. "भावा, विषय संपला!" मित्र म्हणाला. जपानी ॲनिमेशनपटांचे संगीतकार जो हिसाइशी हे बायकोचं दैवत असल्यामुळं त्यांच्याबद्दल मी घरात वाद घालत नाही.

माझी गाडी मात्र रिचर्ड आणि रॉबर्ट शर्मन या दोन भावांपाशी येऊन थांबते.

१९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी डिस्नेच्या मंडळींनी युनिसेफच्या नावानं 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' ही होडीसफर बांधली. देशोदेशीच्या बाहुल्या, आणि त्यांच्यामधून सरकणाऱ्या होड्या. मूळ बेत असा की प्रत्येक देशाच्या बाहुल्यांनी आपापलं राष्ट्रगीत म्हणायचं. लावून बघितलं तर नुसता कल्लोळ. विसर्जन मिरवणुकीत दोन मंडळांच्या साउंड सिस्टिमच्या बरोबर मधे जो कधी उभा राहिला असेल, त्याला हे समजावून सांगायला नको. वॉल्ट डिस्नेनं शर्मन बंधूंना बोलावलं आणि सगळ्यांना म्हणता येईल असं एकच साधं गाणं मागितलं.

त्यांनी जे दिलं ते वरवर बालवाडीतलं वाटतं. कॉलेजात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड बडवलेला असल्यामुळं आतली करामत मला उशिरा का होईना, दिसली. कडवं आणि ध्रुपद एकाच कॉर्डमालिकेवर, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या एकाच क्रमावर, बसवलंय. म्हणजे एका दालनात कडवं चालू असलं आणि पुढच्यात ध्रुपद, तरी दारात दोन्ही एकमेकांवर आले की भांडत नाहीत, उलट गुंफले जातात. भाषा कुठलीही असो, वाद्य कुठलंही असो. खातरी करायला मी मुलीला कडवं दिलं आणि भाचीला ध्रुपद, आणि चौपाटीच्या कट्ट्यावर दोघींना एकदम सुरू करायला लावलं. भाचीनं सूर जरा वर धरला, मग सावरलं, आणि खरंच जुळलं. भेळवाल्यानं मान वर करून पाहिलं. मुलगी म्हणाली, "हे चांगलंय, पण मेंकनच." पोरगी कोल्हापूरची आहे.

हे गाणं डोक्यात शिरलं की निघत नाही, अशी जगभर ओरड आहे. ती खरीच आहे. पण होडीतला माणूस दहा-पंधरा मिनिटांत उतरून जातो आणि गाणं दिवसभर चालूच राहतं, अशा जागेसाठी न झिजणारी चाल बांधायची तर ती चिकट होणारच.

आता गंमत बघा. सगळं जग एक आहे असं मुलांच्या तोंडून वदवणाऱ्या या दोन भावांचं आपसांत पटत नव्हतं. कामाच्या खोलीत ते शेजारी बसून गाणी बांधत, पण दोन्ही घरांचं जाणंयेणं नव्हतं. त्यांच्याच मुलांनी पुढं २००९ मध्ये यावर माहितीपट काढला. थोरला रॉबर्ट १९४५ मध्ये युद्धात गुडघ्यात गोळी लागून काठीवर आलेला, स्वभावानं मिटलेला. धाकटा रिचर्ड पियानोपुढं बसून हसत-बोलत असायचा. भाऊबंदकी आम्हाला नवी नाही. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ पंचगंगेच्या दोन्ही काठांना मिळतील. पण भाऊबंदकी सांभाळून दोघांनी मिळून काही घडवलं, असं उदाहरण मी तरी शोधतोय. ती दुफळी कडव्या-ध्रुपदाच्या त्या दोन ओळींत ऐकू येते का? मला येते. दोघं वेगवेगळं गातात, कुणी कुणाला वाट देत नाही, आणि तरी पायाखालची जमीन एकच. हे माझ्या मनाचे खेळ असतील, पण रंकाळ्याच्या दुसऱ्या फेरीला असे खेळ सुचतात.

मित्रानं शेवटचा डाव टाकलाच. "१९६७ च्या मोगलीच्या चित्रपटातलं अस्वलाचं गाणं, ते तर त्यांचं नाहीच!" नाही खरं. ते टेरी गिल्किसनचं. बाकीची बहुतेक गाणी शर्मन बंधूंची, त्यातलं माकडांच्या राजाचं जॅझ गाणं मला अस्वलापेक्षा सरस वाटतं, पण हे मत मी शपथेवर देणार नाही. त्याऐवजी मी साखरेचं गाणं पुढं केलं. रॉबर्टच्या मुलाला शाळेत पोलिओची लस साखरेच्या खड्यावर घालून दिली, त्यावरून चमचाभर साखरेनं औषध गोड लागतं ही ओळ सुचली आणि 'मेरी पॉपिन्स' या १९६४ च्या चित्रपटात गेली. त्या चित्रपटानं दोघांना दोन ऑस्कर दिली. आपल्याकडं त्याच लसीचे दोन थेंब नुसतेच जिभेवर पडायचे. साखर नाही आणि गाणंही नाही. मित्र यावर काही बोलला नाही. म्हणजे पटलं असं नव्हे, त्यानं दुसरा चहा सांगितला.

तेव्हा एक नंबर शर्मन बंधू. रॉबर्ट २०१२ मध्ये गेला, रिचर्ड मे २०२४ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी. दोन नंबरला मी डिस्नेच्याच बडी बेकर या संगीतकाराला बसवतो. डिस्नेलँडमधल्या १९६९ च्या झपाटलेल्या वाड्याच्या राइडमध्ये त्यानं एकच चाल दारात ऑर्गनवर रडवलीय, दिवाणखान्यात भुतांना तिच्यावरच वॉल्ट्झ नाचवलाय, आणि स्मशानात तिचाच जल्लोष केलाय. जियाकिनो तिसरा. आठ ऑस्करवाला मेंकन चौथा येतो, हे मुलीला अजून सांगितलेलं नाही. परीक्षा संपू देत.