अलिबागच्या बैठकीत माझीच मुलाखत

चिपळुणात माझी ओळख ‘नोकऱ्या लावून देणारी बाई’ अशी आहे. खरं तर मी लोटे परशुरामच्या केमिकल कंपन्यांसाठी प्लांट हेड, क्वालिटी हेड असे लोक शोधते. म्हणजे नोकरी शोधत फिरणाऱ्याला नाही, नोकरीत सुखाने बसलेल्याला गाठते. फेब्रुवारीत अलिबागजवळच्या एका रिसॉर्टवर याच कामातल्या स्वतंत्र फर्म्सच्या आंतरराष्ट्रीय नेटवर्कची बैठक झाली. मुंबईच्या एका सदस्य मॅडमनी माझं नाव सुचवलं होतं. सदस्य करून घेण्याआधी मंडळींना मला समोर बसवून पाहायचं होतं.

कागदपत्रं आधीच मागवली होती. ऑडिट झालेले ताळेबंद, क्लायंटचे फोन नंबर, इथपर्यंत ठीक. पण त्यांना मी नाकारलेल्या काही कॅंडिडेट्सशीही बोलायचं होतं. आपल्याकडे नाकारलेल्याला कळवायची पद्धतच नाही. तो बिचारा महिनाभर फोन उशाशी घेऊन झोपतो. मी मात्र फोन करून कारण सांगते, त्यामुळे नावं देता आली. क्लायंटकडे चौकशी करण्यापेक्षा ही चौकशी जास्त खरी, असं माझं मत झालं.

परदेशी पाहुणे भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने तासाभरात मांडव्याला उतरले. मी कोकणातलीच, पण माणगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकून त्यांच्यानंतर पोचले.

सकाळची भाषणं साधारण होती. एआय लाँगलिस्ट, म्हणजे योग्य वाटणाऱ्यांची पहिली लांब यादी, कशी करतं, याच्या स्लाइड्स तर हल्ली कुठेही दिसतात. खरी गोष्ट दुपारी होती. एका छोट्या खोलीत तीन सदस्य आणि मी.

पहिला प्रश्न फीचा. रिटेंड सर्चमध्ये, म्हणजे एकाच फर्मला आगाऊ फी देऊन शोध सोपवतात त्यात, जगभरची जुनी रीत म्हणजे पहिल्या वर्षाच्या पगाराचा एक तृतीयांश, तोही तीन हप्त्यांत, आणि पहिला हप्ता काम सुरू करतानाच. आमच्याकडे 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. तोही माणूस जॉइन झाल्यावर, वर तीन महिन्यांत सोडून गेला तर दुसरा फुकट. मी हे सांगितल्यावर जर्मन बाईंनी शांतपणे विचारलं, “मग तुम्ही योग्य माणूस शोधता, की लवकर जॉइन होणारा?” उत्तर सोपं नव्हतं. मी म्हटलं, या दरात दोन्ही एकदम परवडत नाही.

दुसरा प्रश्न पगाराचा. आपल्याकडे कॅंडिडेटला पहिल्याच फोनवर ‘सीटीसी किती?’, म्हणजे सध्याचा वर्षाचा एकूण पगार किती, असं विचारतात. मॅसॅच्युसेट्समध्ये जुलै 2018 पासून ऑफर देण्याआधी जुना पगार विचारायला कायद्याने बंदी आहे. युरोपियन युनियनच्या 2023 च्या पगार-पारदर्शकता निर्देशातही हीच बंदी आहे आणि सदस्य देशांना त्यासाठी 7 जून 2026 ची मुदत दिली होती. परदेशी सदस्यांच्या कामात मदत करायची तर त्यांच्या कॅंडिडेटला हा प्रश्न विचारायचा नाही, हे मान्य करावं लागलं. पदाची किंमत क्लायंटने आधी सांगावी, हे मला पटतंच. लोट्यातल्या एचआरला ते कसं पटवायचं, हा वेगळा विषय. सीव्ही कुठे ठेवता, कॅंडिडेटची परवानगी घेता का, हेही विचारलं. एमआयडीसीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सीव्ही प्रसादासारखे वाटले जातात, हे मी तिथे सांगितलं नाही. मी स्वतः तसं करत नाही, एवढंच सांगितलं.

पण सगळ्यात रंगला तो ऑफ-लिमिट्सचा मुद्दा. ज्या कंपनीचं काम घेतलं, तिची माणसं ठरावीक काळ पळवायची नाहीत, हा या धंद्याचा मूळ करार. इगॉन झेंडर (झुरिक, 1964) किंवा कॉर्न फेरी (लॉस एंजेलिस, 1969) यांसारख्या मोठ्या फर्म्सचे क्लायंट इतके, की माणसं आणायला मोकळ्या कंपन्या कमी उरतात. लहान स्वतंत्र फर्म्स नेटवर्क करून एकत्र येतात त्यामागे हेही एक कारण. माझी अडचण याच जातीची, फक्त लहान गावातली. लोट्यात गेटला गेट लागून कंपन्या. चौघांचं काम घेतलं की चौघांच्या दारात जायचं नाही, मग माणूस आणायचा गुजरातेतल्या दहेज किंवा अंकलेश्वरहून, तिथल्या केमिकल कंपन्यांतून. आणि तिथल्या माणसाची बायको विचारते, शाळा कुठली, हॉस्पिटल कुठलं, माझ्या नोकरीचं काय. सगळं जमलं तरी गणपतीच्या आधी कोणी हलत नाही. हे ऐकून तिघंही हसले, पण वहीत लिहून घेतलं.

रात्री सुरमई आणि सोलकढीच्या पंगतीत चिलीचे एक गृहस्थ शेजारी बसले होते. ते अंतोफगास्ताच्या तांब्याच्या खाणींसाठी मॅनेजर शोधतात. त्यांच्याकडे अनेक जण सात दिवस खाणीवर आणि सात दिवस घरी, अशा पाळीत काम करतात, कारण कुटुंब वाळवंटात यायला तयार नसतं. प्लांट हेडला सात दिवस सुट्टी देता येणार नाही, पण कुटुंब पुण्यात ठेवलं, तर शुक्रवारी दुपारी तिथे सोडणारी गाडी नक्की देता येईल. ही कल्पना मी लगेच फोनमध्ये टिपून ठेवली. दिवसभराच्या स्लाइड्सपेक्षा ती जास्त उपयोगी पडली.

सदस्यत्व मिळालं, पण वर्षभराच्या प्रोबेशनवर. त्या काळात दुसऱ्या सदस्याचं निदान एक काम करून द्यायचं, आणि कोणी क्लायंट पाठवला तर फीतला ठरलेला हिस्सा त्याला द्यायचा.

परत आल्यावर लोट्यातल्या एका जुन्या क्लायंटला प्लांट हेडसाठी नवीन कोटेशन दिलं. एक तृतीयांश मागायची छाती झाली नाही. वीस टक्के, दोन हप्ते, पहिला सुरुवातीलाच. साहेबांचा फोन आला, “ताई, माणूस दाखवायच्या आधीच पैसे?” मी म्हटलं, साहेब, गेल्या वेळी तीन एजन्सींनी तुम्हाला एकाच माणसाचा सीव्ही पाठवला होता, आठवतंय ना? बरीच घासाघीस झाली. शेवटी ते एका पदापुरते तयार झाले आहेत. बाकीची पदं 8.33 वरच. शुक्रवारच्या गाडीचा खर्च मात्र त्यांनी विनातक्रार मंजूर केला.